इंग्लंडात थॉर्किल्ड वाचतो

फ्लेन्सबुर्ग, १३ नोव्हेंबर २०१६

प्रिय वीबके,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. बावीस वर्षांनी आलेल्या त्या कार्डावर दोन ओळी: घर विकलं, एक मार्चला ताबा द्यायचा आहे. आईचं कपाट हवं असेल तर त्याआधी घेऊन जा. खाली नुसतं नाव. कार्ड मी पावाच्या डब्याला टेकवून ठेवलंय. रोज सकाळी पाव काढताना ते पडतं, मी परत उभं करतो.

कपाट मला नको. माझ्या आता दोनच खोल्या आहेत, बंदराच्या वरच्या अंगाला, आणि जिना इतका अरुंद की ते कपाट करवतीनेच वर न्यावं लागेल. एवढंच कळवायचं तर मलाही दोन ओळी पुरल्या असत्या. पण कार्ड लिहायला बसलो आणि उठून कागद आणले.

एल्के गेली तेव्हा तू पांढरी फुलं पाठवलीस. सोबत चिठ्ठी नव्हती. फुलवालीने सांगितलं, पलीकडून, डेन्मार्कहून एका बाईचा फोन होता. त्याबद्दल मी आभार मानले नाहीत. आता मानतो.

एल्केला फिरायची फार हौस होती, तुला आठवत असेल. दुकान बंद केल्यावर आम्ही म्हाताऱ्यांच्या बससहलींना जायचो. ती बसमधल्या बायकांना सांगायची, "सगळे लोक चर्चचं छत बघतात आणि आमचे हे भिंतीच्या तळाशी वाकतात. सॉकेट बघितल्याशिवाय यांना झोप येत नाही." बायका हसायच्या. जन्मभर इलेक्ट्रिशियन होता, काय करणार, असं त्यांना वाटायचं. एल्केलाही तसंच वाटत होतं, आणि मी तिला तसं वाटू दिलं.

खरं काय ते तुला सांगतो. मी ज्या देशात जातो तिथे मनातल्या मनात आईची कपडे धुवायची मशीन ट्रकमधून उतरवतो. एखाद्या घराच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवतो, तिचा प्लग हातात घेतो, आणि बघतो तुझ्या थॉर्किल्डचं पुढे काय होतं.

इंग्लंडात प्लग भिंतीत जातच नाही. तिथली भोकंच चौकोनी. तो कापून त्यांचा तीन पायांचा लावावा लागतो, तीन वायरी तीन जागी, आणि प्लगच्या पोटात पुन्हा वेगळा फ्यूज. इंग्लंडात थॉर्किल्ड वाचतो. फ्रान्समध्ये अर्थिंगची पिन भिंतीतूनच बाहेर आलेली असते आणि आपल्या प्लगला तिच्यासाठी भोक असतं. तिथेही तो वाचतो. नॉर्वेत दोन्ही वायरींत करंट खेळतो, एकही मेलेली नसते, हे ऐकून मी हबकलो होतो. पण धुण्याच्या खोलीतली सॉकेटं आपल्यासारखीच, कडेला अर्थिंगच्या पट्ट्या असलेली. वाचतो. इटलीत घरमालकीण म्हणाली, "इस्त्री आणि ओव्हन एकदम लावाल तर अख्खं घर अंधारात जाईल, आम्हाला मीटरच तेवढं देतात." तिथे भिंतीत दोन मापांची भोकं, आणि ज्याच्या-त्याच्या खिशात जोडायचे तुकडे. इटलीचं मला सांगता येत नाही. तिथल्या हॉटेलात मी दोन दिवस अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिलो.

आणि आपल्या दोघांच्या घरांमधे पन्नास किलोमीटर. सीमेची एक पाटी, एक पूल, आता पुन्हा दोन पोलिस. तिथे तो वाचला नाही.

कपाट नको, हे लिहायला एवढे कागद लागले. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

आस्मुस

फ्लेन्सबुर्ग, ४ डिसेंबर २०१६

वीबके,

तुझं उत्तर आलं नाही. चालेल म्हणालो होतो, पण चालत नाही असं दिसतंय.

मला एकदा सगळं क्रमाने लिहायचं आहे. तुला माहीत आहे तेही लिहितो, मधलं काही गाळायला नको.

ऑगस्ट १९९४. आईला तळमजल्यावरच्या छोट्या घरात हलवलं, तिथे मशीनला जागा नव्हती. तू म्हणालीस, माझ्याकडे आण, सासूबाई अजून तांब्याच्या हंड्यात कपडे उकळतात. मी शनिवारी ट्रक घेऊन आलो. थॉर्किल्डने आणि मी मशीन उतरवली. तो एका बाजूने एकटा, आणि माझ्या बाजूला मी नि तुमचा शेजारी. थॉर्किल्ड छपरांची शाकारणी करणारा माणूस, बोरूच्या पेंढ्या खांद्यावर टाकून शिडी चढणारा, त्याला मशीन म्हणजे काय. तुझ्या सासूबाई, किर्स्टीनबाई, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे जर्मनीचं धूड माझ्या विटांच्या फरशीला खड्डे पाडणार."

धुण्याच्या खोलीत डॅनिश सॉकेट होतं, तीन भोकांचं. तुमच्याकडे अर्थिंगसाठी प्लगला तिसरी पिन असते. आपल्याकडच्या प्लगला ती नसते, त्याच्या कडेला दोन पट्ट्या असतात. तरी आपला प्लग तुमच्या भिंतीत व्यवस्थित बसतो. दोन पायांना करंट मिळतो, मशीन सुरू होते, आणि त्या पट्ट्या नुसत्या प्लास्टिकला टेकून राहतात. बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. आत काही बिघडलं तर आपल्या घरी फ्यूज उडतो आणि बाई शिव्या देते, एवढंच होतं. तुमच्या त्या घरात करंट मशीनच्या पत्र्यावर येऊन थांबतो आणि कुणीतरी हात लावायची वाट बघतो.

सीमेवरच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला हे ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. डॅनिश प्लग मी आणला नव्हता आणि ट्योन्नर गावातलं दुकान शनिवारी दुपारी बंद होतं. तू चादरींची टोपली घेऊन मागे उभी होतीस. म्हणालीस, "लाव ना, बघू तरी चालते का." मी लावला. म्हणालो, "पुढच्या वेळी येईन तेव्हा प्लग बदलून देतो." मधे दोनदा आलो. एकदा तुमच्या लेकीच्या, सिग्नेच्या वाढदिवसाला, चार वर्षांची झाली तेव्हा. प्लग गाडीतच होता. केक खाल्ला आणि परत गेलो.

एकवीस ऑक्टोबर, शुक्रवार. किर्स्टीनबाईंना थॉर्किल्ड दुपारी धुण्याच्या खोलीत सापडला. कपडे बाहेर काढायला गेला असेल.

मग तो सरकारी तपासनीस. त्याने मला तुमच्या स्वयंपाकघरात विचारलं, "प्लग कोणी लावला?" मी म्हणालो, "मी मशीन आणून ठेवली आणि निघालो. लावला कोणी ते मला माहीत नाही." तू टेबलाच्या पलीकडे बसली होतीस. मला वाटलं, आता बोलशील. तू पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिलीस. किर्स्टीनबाईंनी तुझ्याकडे संशयाने पाहिलं, आणि ते पाहणं मी ओळखलं, आणि तरी बोललो नाही. माझा परवाना गेला असता. दुकानात तिघे कामाला होते, आईचं औषधपाणी माझ्याकडे होतं. ही कारणं तेव्हा फार मोठी वाटली.

हे सगळं तुला माहीत आहे. याच्यासाठीच तू बावीस वर्षं बोलली नाहीस, आणि बरोबर केलंस.

आता जे तुला माहीत नाही ते.

मंगळवारी, म्हणजे त्या शुक्रवारच्या तीन दिवस आधी, थॉर्किल्डने मला दुकानात फोन केला होता. दुपारी, मी डबा उघडत होतो तेव्हा. म्हणाला, "आस्मुस, तुझ्या आईची मशीन मला चावते."

"कुठे?"

"हाताला. दार उघडताना मुंग्या येतात."

मी म्हणालो, "जर्मन मशीन आहे. डॅनिश माणसाची ओळख पटायला तिला वेळ लागणार."

तो हसला. म्हणाला, "युद्ध संपून पन्नास वर्षं होत आली, अजून पटली नाही?"

मी म्हणालो, "रबरी तळव्याचे बूट घाल. शनिवारी येऊन बघतो."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तपासनिसाने विचारलं होतं, मशीनबद्दल आधी कुणी तक्रार केली होती का. मी नाही म्हणालो. एल्केलाही सांगितलं नाही. त्यानंतर दुपारी बाराच्या पुढे दुकानातला फोन मी उचलायचा बंद केला. फोन वाजत राहायचा आणि पोरं माझ्याकडे बघायची. पाचव्या-सहाव्या घंटीला थांबला की मला वाटायचं, गेला.

अजूनही वाजतो. या घरात तसला फोन नाही.

आस्मुस

फ्लेन्सबुर्ग, २७ डिसेंबर २०१६

वीबके,

नाताळही गेला. मी बदकाची तंगडी भाजली, एकट्याला जास्त झाली.

तू काहीच लिहीत नाहीस तेव्हा एक गोष्ट सांगून थांबतो. उन्हाळ्यात मी दर शनिवारी तुमच्या किनाऱ्यावर येतो. तुझ्या घराकडे नाही, पुढे, जिथे जर्मन लोक सुट्टीत घरं भाड्याने घेतात. किटली, कढई, इस्त्री घरून घेऊन येतात आणि भिंतीत खुपसतात. मी दार वाजवतो, नाव सांगतो, पिशवीतून प्लग काढतो, बदलून देतो. बहुतेक जण मला वेडा समजतात. एका बाईने पोलिसांना बोलावलं. पोलिस मला ओळखत होता, त्याने तिला सांगितलं, "करू द्या त्यांना."

आता तिकडे कायद्याने घराघरांत तो सुरक्षेचा स्विच बसलाय, डोळ्याची पापणी लवायच्या आत करंट तोडणारा. ती बातमी गाडीत रेडिओवर ऐकली. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसलो. एका छोट्या डबीचा प्रश्न होता.

तरी मी जातोच.

आस्मुस

हॉयरजवळ, ८ जानेवारी २०१७

आस्मुस,

तिन्ही पत्रं मिळाली. दुसरं वाचून मी ते चुलीत टाकणार होते. मग परत वाचलं, आणि तू अजूनही गाळतोस हे दिसलं म्हणून लिहायला बसले.

त्या फोनचं मला माहीत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना थॉर्किल्डने सांगितलं. तुझा विनोद त्याने दोनदा सांगितला, एकदा मला आणि एकदा सासूबाईंना, त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून ओरडून. आम्ही सगळे हसलो. सासूबाईही. मी त्याला म्हणाले, "मशीनला तुझे हात आवडत नसतील, बोरूने नुसते खरखरीत झालेत."

पण त्याने आणखी एक सांगितलं होतं. त्याने तुला विचारलं होतं, "प्लग काढून ठेवू का?" आणि तू म्हणाला होतास, "कशाला? वीबके तुला घराबाहेर काढेल. शनिवारपर्यंत काय होतंय."

हे तू पत्रात लिहिलं नाहीस. सगळं क्रमाने लिहितो म्हणालास, मधलं काही गाळायला नको म्हणालास, आणि हेच गाळलंस. विसरलास असं मला वाटत नाही. फोन ज्याला बावीस वर्षं ऐकू येतो त्याला एवढं वाक्य ऐकू येत नसेल?

आता माझं ऐक. हे मी पाद्रीबुवांनाही सांगितलेलं नाही.

गुरुवारी मशीनने त्याला जोरात फटका दिला. कोपरापर्यंत. शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी त्याने तो प्लग काढला, वायर गुंडाळून मशीनवर ठेवली आणि मला म्हणाला, "आस्मुस येईपर्यंत हिला हात लावायचा नाही." मी बरं म्हणाले.

सिग्नेला ताप होता. रात्रीत दोनदा अंथरूण खराब झालं होतं. बाहेर कोरडा वारा सुटला होता, आठवडाभर पावसाने काही वाळलं नव्हतं. मी रबरी बूट घातले, प्लग परत लावला आणि चादरी धुतल्या. मला काही झालं नाही. मुंगीसुद्धा आली नाही. मला वाटलं, पुरुषांचं काय, उगीच बाऊ करतात. चादरी वाळत घातल्या, सिग्नेला शालीत गुंडाळलं आणि डॉक्टरांकडे घेऊन गेले. मशीन बंद केली होती, पण प्लग तसाच राहिला.

वाऱ्यामुळे त्या दिवशी छपरावर उभं राहता येईना, म्हणून तो लवकर घरी आला. तू लिहितोस, कपडे बाहेर काढायला गेला असेल. नाही. आत कपडे नव्हतेच. सासूबाईंना तो सापडला तेव्हा त्याचा एक बूट काढलेला होता आणि एक पायातच होता. बूट काढायला तो मशीनवर हात टेकून उभा राहिला. मोजा ओला, फरशी ओली. त्याने बिनधास्त हात टेकला, कारण प्लग त्याने स्वतःच्या हाताने काढून ठेवला होता.

तपासनिसाने विचारलं तेव्हा तू म्हणालास, कोणी लावला माहीत नाही. तुला वाटतं, मी तुझ्यासाठी गप्प बसले. किंवा रागाने. मी पेल्याकडे बघत होते कारण वर बघितलं असतं तर सासूबाईंना कळलं असतं. तू खोटं बोलत होतास आणि तुझं खोटं माझ्या बाबतीत खरं होतं.

सासूबाई पुढे अकरा वर्षं जगल्या. मशीन त्यांनी टाकू दिली नाही. कोठारात उभी करून ठेवली, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. काही बोलायच्या नाहीत. कधी माझ्याकडून दूध उतू गेलं, भांडं फुटलं, तर एवढंच, "तुमच्याकडे चालत असेल असं." त्या गेल्यावर मी ती काढून टाकू शकले असते. मीही नाही टाकली.

तुझ्याशी बोलले असते तर हे सांगावं लागलं असतं. म्हणून बोलले नाही. तू आपला तुझ्या खोट्याला शिक्षा मिळतेय असं समजून बसलास.

कपाट तू नेणार नसशील तर नको नेऊ. पण ये. फेब्रुवारीचा पहिला रविवार, दुपारी. सिग्ने रीबेहून येणार आहे. सव्वीस वर्षांची झाली. वडील एका जुन्या मशीनचा शॉक लागून गेले, एवढंच तिला माहीत आहे. तुझं नाव या घरात निघत नाही, का निघत नाही हे तिने विचारणंही सोडून दिलंय. घर हातचं जाण्याआधी तिला याच घरात सांगायचं आहे. आधी मी सांगेन. मग तू, आणि काही गाळायचं नाही.

वीबके

फ्लेन्सबुर्ग, १२ जानेवारी २०१७

वीबके,

त्याने विचारलं होतं. मी तसंच म्हणालो होतो, शब्दाला शब्द.

येतो.

आस्मुस

फ्लेन्सबुर्ग, ७ फेब्रुवारी २०१७

प्रिय वीबके,

काल दिवसभर बसून होतो. आज लिहितो, कारण तू बाहेर गेल्यावर स्वयंपाकघरात काय झालं ते तुला ऐकायचं असेल, आणि मी निघताना तू विचारलं नाहीस.

तुझं सांगून झालं आणि तू कोट चढवून कोंबड्यांना दाणे घालायला गेलीस. दुपारी तीन वाजता कोंबड्यांना कोण घालतं हे सिग्नेलाही कळत होतं. तिने केकची बशी माझ्याकडे सरकवली. तुमच्या तिकडच्या चालीप्रमाणे तू सात तऱ्हेचे केक मांडले होतेस, आणि तोवर कुणी एकालाही हात लावला नव्हता. ती म्हणाली, "आता तू, मामा."

वीबके, तुमच्या भाषेत आईच्या भावाला वेगळा शब्द आहे. आपल्याकडे काका, मामा, आत्याचा नवरा, सगळ्यांना एकच. मला त्या शब्दाने आजवर कुणी हाक मारली नव्हती. चार वर्षांची असताना ती मला नावानेच हाक मारायची.

मी सांगितलं. प्लग, केक खाऊन परत गेलो ते, तपासनीस, फोन. "प्लग काढून ठेवू का" हेही, आणि त्यावर मी काय म्हणालो तेही. मी टेबलाकडे बघून बोलत होतो. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही उठेल, मला दार दाखवेल. मी टोपी हातात घेऊन ठेवली होती.

ती उठली नाही. रडली नाही. डोळे तुझ्यासारखे, पण तोंड मिटलेलं असतं तेव्हा थेट थॉर्किल्ड. मग तिने विचारलं, "ते तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलले?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हणालो, "जर्मनमध्ये. मला तेव्हा डॅनिश कुठे येत होतं."

"बाबांना जर्मन येत होतं?"

"येत होतं म्हणजे... हट्टाने बोलायचा. फार वाईट."

"वाईट म्हणजे कसं?"

मी तिला सांगितलं. पत्रात मी तुला त्याचं वाक्य नीट करून लिहिलं होतं, मेलेल्या माणसाचं व्याकरण कशाला चव्हाट्यावर आणायचं म्हणून. तो असं बोलला नव्हता. त्याला आपल्या भाषेतलं तो, ती, ते कधीच जमलं नाही. तो म्हणाला होता, "आस्मुस, तुझा आईचा मशीन मला चावतो."

वीबके, ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, आणि मग तिला थांबता येईना. मला काय करावं कळेना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "मला त्यांचं एकही वाक्य माहीत नाही. आई बाबांबद्दल सांगते तेव्हा ते कसे होते हे सांगते. ते काय बोलायचे हे सांगत नाही. एकच फोटो आहे, छपरावरचा, त्यात तोंड दिसत नाही."

मग ती विचारत सुटली. फोन उचलल्यावर पहिला शब्द काय होता? मी म्हणालो, आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगायचा, अगदी सरकारी कचेरीत उभं राहिल्यासारखं, जणू मी त्याचा आवाज ओळखणारच नाही. आवाज कसा होता? मी म्हणालो, माणसाच्या मानाने बारीक, एवढ्या धिप्पाड छातीतून तो आवाज निघाला की लोक चकित व्हायचे. हसायचे कसे? ते मला करून दाखवता येईना. मी प्रयत्न केला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, तुझ्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याचं हसू हसून दाखवतोय.

आणि फोन ठेवायच्या आधी? तिने विचारलं आणि मी थांबलो. फोन रोज माझ्या कानात वाजतो, पण तो नेहमी माझ्या त्या वाक्यापाशी संपतो, "शनिवारपर्यंत काय होतंय." त्याच्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो. तिथे बसलेला असताना पुढचं आलं. तो म्हणाला होता, "तर मग शनिवारी उपाशी ये. मी वाम माशाला धुरी देतो, आणि माझा मुलगा आता मला धुरी द्यायला मदत करतो." माझा मुलगा, म्हणाला होता. तो, ती, ते. म्हणायचं होतं मुलगी. मी फोनवर त्याला दुरुस्तसुद्धा केलं होतं.

हे ऐकल्यावर मात्र तिने खिडकीकडे तोंड केलं.

माफीचं ती काही बोलली नाही, आणि मी मागितली नाही. तुझ्याबद्दल ती काय म्हणाली ते तीच तुला सांगेल, माझ्याकडून नको. बराच वेळ गेल्यावर तिने माझ्या हातातली टोपी घेतली आणि खुंटीला लावली. म्हणाली, "मामा, पुन्हा सांग. फोन वाजला तिथून."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा मागच्या दाराच्या काचेतून मला तुझा कोट दिसला. दाणे टाकून झाले होते, रिकामी बादली हातात होती, आणि तू कडीला हात न लावता उभी होतीस. म्हणून मी जरा मोठ्याने बोललो.

आस्मुस